दीड वर्षाच्या मुलीला शिकण्याची गोडी कशी लावावी?

प्रश्न (एक आई, गंगापूर रोड): माझी मुलगी १८ महिन्यांची आहे. चित्रांची पुस्तके, अक्षरांचे ठोकळे आणले. परंतु ती दोन-तीन मिनिटांतच उठून माझ्यामागे स्वयंपाकघरात येते. काय करावे?

उत्तर (अंगणवाडी सेविका, सिडको): ताई, या वयात लक्ष इतकेच टिकते, काळजी नसावी. ती स्वयंपाकघरात येते, तर तेथेच शिकू द्या. वाट्या एकात एक बसवताना लहान-मोठे समजते आणि भाजी निवडताना आपण ‘ही मेथी, हा पालक’ असे बोलत राहिलो, तर शब्द सहज कानांवर पडतात. अक्षरांची घाई मुळीच नको.

उत्तर (एक आजी, पंचवटी): द्राक्षांच्या हंगामात मी नातवासोबत मणी मोजते. मात्र अख्खा मणी घशात अडकू शकतो, म्हणून खायला देताना त्याचे उभे चार काप करावेत.

उत्तर (एक बाबा, इंदिरानगर): मोबाईल टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांनंतरही पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. आम्ही रात्री एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो. पुढचे पान आता मुलगाच उलटतो.