वालचंद ८८ : फॉर्ममधला तो रकाना

(सांगलीच्या वालचंद इंजिनियरिंग कॉलेजातून १९८८ ला बाहेर पडलेल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप)

विजय (अ‍ॅडमिन): मंडळी, जानेवारीच्या गेट-टुगेदरसाठी गुगल फॉर्म टाकलाय, रविवारपर्यंत सगळ्यांनी भरायचाच. नाव, ब्रँच, सध्याचा हुद्दा, कंपनी, शहर, मिसेस किंवा मिस्टर काय करतात, मुलं काय करतात आणि कुठे असतात. मस्त रंगीत पुस्तिका छापू. आणि कृपा करून हा मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडू नका.

बंडू: सध्याचा हुद्दा काय लिहू? ५८ पूर्ण झाली, रिटायर झालो. 'माजी कार्यकारी अभियंता' लिहिलं की निवडणूक हरल्यासारखं वाटतं.

शिऱ्या: माझं फौंड्रीचा मालक लिवा. रात्री भट्टी चालू असली की गेटवर पण मीच असतोय, ते कंसात टाका.

नंदिनी: विजय, मुलांच्या रकान्याला लाल चांदणी का लावलीयस? ते भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाहीये.

विजय: अगं सगळ्यांची मुलं आता सेटल झालीत ना, कौतुक नको का व्हायला?

नंदिनी: सगळ्यांची कुणी सांगितलं तुला? आणि ज्यांना मुलं नाहीत त्यांनी काय, डॅश टाकायचा? हुद्द्याचंही तेच. मी इलेक्ट्रॉनिक्सला तिसरी आलेली, पुण्यात चांगली नोकरी होती, ह्यांची बदली झाली तेव्हा सोडली, मग पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर लागले ती केस पांढरे होईपर्यंत तासिका तत्त्वावरच. दर जूनला नवीन ऑर्डर, उन्हाळ्यात पगार नाही, पेन्शनचा तर प्रश्नच नाही. आता हे तुझ्या रंगीत पुस्तिकेत मिलिंदच्या शेजारी छापणारेस का?

विजय: अगं तू लगेच पर्सनल नको घेऊस 🙏

मिलिंद (न्यू जर्सी): माझं नाव निघालंय म्हणून बोलतो, इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत. माझा हुद्दा छापला तर लोक वा म्हणतील, पण तो कसा आला ते तुम्हाला माहितीये की. मेकॅनिकलचा माणूस, ९७ ला पुण्यात क्लास लावून कोबॉल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो कारण वायटूकेसाठी, म्हणजे २००० साल उजाडल्यावर कॉम्प्युटर गडबडू नयेत म्हणून, अमेरिकेला माणसं कमी पडत होती, जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले, ते शोधून शोधून चार करायचे, हे माझं इंजिनियरिंग. त्या दोन वर्षांत जो विमानात बसला तो बसला, माझ्याहून हुशार चार जण ९९ साली निघाले आणि २००१ ला मंदीत परत आले. बाकी सांगायचं तर माझ्या आईला नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो गेल्या खेपेला बंडूने काढून दिला, मी नाही.

बंडू: त्यात काय एवढं, काकूंचं घर माझ्या रस्त्यावर आहे. बँकेत त्यांचा अंगठाच लागत नव्हता, बोटांवरच्या रेषा पुसल्यात, तो मुलगा म्हणतो आजी परत दाबा, परत दाबा. शेवटी घरी मोबाईलवर चेहऱ्याचा अ‍ॅप लावला. चष्मा काढा म्हटलं तर म्हणतात मग मला तू दिसत नाहीस. आधी पदर नीट केला, केस चापूनचोपून घेतले, मग डोळे मिचकावले आणि झालं एकदाचं.

मिलिंद: हे मला आईने नाही सांगितलं.

हेमंत: पेन्शनचा विषय निघालाच आहे तर माझा हिशोब ऐका. ८८ ला पिंपरीत लागलो तेव्हा हाच बंडू पाटबंधारे खात्यात गेला म्हणून आपण हसलो होतो, आठवतं का? आता मला ईपीएस ९५, म्हणजे खासगी नोकरीवाल्यांची पीएफमधली पेन्शन. पेन्शनला पात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, आणि पगार कितीही असो, धरायचा १५,०००. ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार, पण २०१४ च्या आधीच्या नोकरीला ६,५०० चीच मर्यादा लावतात म्हणजे हातात त्याहूनही कमी. बंडूला शेवटच्या बेसिकच्या निम्मं, वर महागाई भत्ता. कुणाला वाढीव पेन्शनची ती कोर्टाच्या निकालानंतरची कागदपत्रं कळत असतील तर फोन करा, माझा अर्ज नुसता फिरतोय.

नंदिनी: माझ्या भावाने तो अर्ज केलाय, त्याला विचारते. संध्याकाळी फोन करते तुला.

बंडू: हसला होतात हे बरोबर आठवतं मला. पण मला पेन्शनपेक्षा एकच गोष्ट लिहायला आवडेल, ती तुझ्या फॉर्मात कुठे बसत नाही विजय. १३ मार्च १९९९, कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग. धरण रिकामं न करता तळ्याच्या खालून बोगदा आणायचा आणि शेवटचा खडक पाण्याखालीच उडवायचा. मी त्यातला एक साधा उपअभियंता, माझं नाव कुठे नाही, पण ते पाणी आत आलं तेव्हा मी तिथे होतो. मोठी मुलगी तेव्हा पहिलीत होती आणि मला काका म्हणायची.

शिऱ्या: लगा हे सांगितलंच नाहीस कधी.

बंडू: तुम्ही कधी विचारलंत? सीटीसी, म्हणजे वर्षाचं पॅकेज, तेवढं विचारायचात.

सर्जेराव: मी वेगळं बोलतो, राग मानू नका. तो रकाना काढू नका. माझ्या वडिलांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली, घरी आले की अंग पिवळं, आंघोळीचं पाणी पिवळं. मी घरातला पहिला इंजिनियर, एमएसईबीत लागलो, आणि थोरली आता मिरजेत एमडी मेडिसिन आहे. मला ते छापून पाहिजे. ज्यांच्या घरात तिसरी पिढी शिकलेली आहे त्यांना कौतुक म्हणजे मिरवणं वाटतं, आमचं तसं नाही.

नंदिनी: सर्जेराव, तुमचं अगदी पटलं. माझं म्हणणं एवढंच की सक्ती नको.

शिऱ्या: माझं पोरगं एमबीए करून बाणेरला ऑफिसात बसतंय, शिरोलीच्या फौंड्रीतली धूळ नको म्हणतंय. चूक नाही त्याची. लाईट बिल बघितलं की मला पण नको वाटती. फौंड्री विकायला काढलीय, गिऱ्हाईक आलं तर सांगा, ह्यो रकाना पण घाला फॉर्मात.

गोरे: मी सहसा इथे लिहीत नाही. फॉर्म मी सकाळीच भरलाय. माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, चालता येत नाही, बोलतो पण नवीन माणसाला कळत नाही. तो रकाना सोडला नाही, 'घरी, आमच्याबरोबर' असं लिहिलंय. लपवायचं काही नाही. फक्त कुणी ते वाचून मला वेगळा फोन करून हळू आवाजात बोलू नका. मागच्या गेट-टुगेदरला आलो नाही कारण त्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, माणूसघाणेपणा नव्हता.

शिऱ्या: मग त्याला घेऊनच ये की. विजय, हॉल पहिल्या मजल्यावर हाय का तळमजल्यावर?

विजय: पहिल्या. लिफ्ट आहे पण छोटी आहे.

शिऱ्या: मग हॉल बदल.

विजय: अरे पाच हजार अ‍ॅडव्हान्स दिलाय.

हेमंत: ते सगळे मिळून भरू. विश्रामबागेत तळमजल्याचं कार्यालय बघ, पायऱ्या किती आहेत ते स्वतः जाऊन मोज.

गोरे: व्हीलचेअर साधी घडीची आहे. दोन पायऱ्या असल्या तरी चालतील, दोघांनी धरलं की होतं.

विजय: ओके. फॉर्म बदलतोय. लाल चांदण्या सगळ्या काढल्या, मुलांचं ज्याला लिहायचं त्याने मनसोक्त लिहा, सर्जेराव तुला फोटोसकट अर्धं पान. हुद्द्याच्या जागी 'काय काम केलं' असं टाकतोय. आणि तीन नवीन टाकले, रक्तगट, आईवडील सांगलीत एकटे असतील तर पत्ता, आणि पेन्शनची कागदपत्रं कळतात का हो किंवा नाही. ज्यांनी आधी भरलाय त्यांना परत भरावा लागेल, सॉरी.

बंडू: रक्तगट कशाला, रक्तदान शिबिर आहे का?

विजय: असू दे, या वयात उपयोगी पडतं.

मिलिंद: पत्ता टाकलाय. आईला सांगू नका फॉर्ममध्ये टाकलाय म्हणून, ओरडेल मला.

शिऱ्या: जेवणाचं काय ते बोला. तांबडा-पांढरा दोन्ही ठेवा, आणि शाकाहारी किती हाईत ते फॉर्मात विचारायचं राहिलंच की रं, आचारी उद्या फोन करणाराय.