मदत हवी आहे : मे महिन्यात बाबांना घेऊन अल्गॉन्क्विन पार्कमध्ये कॅनू कॅम्पिंग आणि मासेमारी

नमस्कार मंडळी,

कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो, सहा वर्षं झाली. एप्रिलच्या मध्यात आईबाबा येतायत मालवणहून, मेअखेरपर्यंत आहेत. आई नातवात रमेल, तिची काळजी नाही. बाबांचं मात्र काय करायचं हा प्रश्न आहे कारण मागच्या खेपेला त्यांना नायगरा दाखवला, सीएन टॉवर दाखवला आणि दोन्हीकडे त्यांचा एकच प्रश्न, हय मासे गावतत काय?

बाबा ६७ वर्षांचे आहेत, तब्येत माझ्यापेक्षा बरी. अख्खं आयुष्य कर्ली खाडीच्या काठाला गेलं, नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी गरवायला जायचे. तर मी आणि मेव्हण्याने ठरवलंय की यंदा त्यांना अल्गॉन्क्विनला न्यायचं, हायवे ६० वरच्या गाडी लावायच्या कॅम्पग्राउंडवर नाही तर आत, बॅककंट्रीत म्हणजे रस्ता नसलेल्या जंगलात, कॅनूने (वल्ह्यांच्या अरुंद, हलक्या होडीने), दोन रात्री. चौथा मेव्हण्याचा मित्र, म्हणजे दोन कॅनू. आम्ही तिघांनी कॅनू चालवलीय पण उन्हाळ्यात आणि एका दिवसापुरतीच, रात्री आत राहिलेलो नाही.

बॅककंट्रीचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं म्हणून आत्ता डिसेंबरातच धावपळ. कुठल्या रात्री कुठल्या लेकवर ते आधीच सांगावं लागतं, त्या लेकवर मग केशरी पाटी असलेली जी जागा रिकामी मिळेल ती आपली. म्हणजे तारीख आणि लेक या दोन गोष्टी आत्ताच ठरवायच्यात आणि तिथेच मी अडकलोय.

तारखेचं बघा. ट्राउट माशांचा सीझन एप्रिलच्या शेवटी उघडतो, बर्फ साधारण तेव्हाच किंवा मेच्या सुरुवातीला जातो, आणि वाचलंय की बर्फ गेल्यागेल्या लेक ट्राउट वरच्या थंड पाण्यात असतात, उन्हाळा लागला की खाली खोल जातात आणि मग कॅनूतून साध्या गरीला लागणं कठीण. शिवाय मेच्या मध्यापासून ब्लॅक फ्लाय या चावऱ्या माश्या सुरू होतात त्या थेट जूनपर्यंत. त्यांचा अनुभव घेतलाय एकदा, कानामागून रक्त येईपर्यंत चावतात आणि चावताना कळत पण नाही. म्हणून मेचा पहिला आठवडा सोन्यासारखा वाटतोय. पण तेव्हा पाणी चारपाच अंशांचं असणार, रात्री शून्याच्या आसपास, आणि बर्फ उशिरा गेला तर बुकिंग असूनही काठावर बसून लेककडे बघायचं.

आता खरी भीती सांगतो. मागच्या खेपेला सप्टेंबरात बाबांना इथल्याच एका छोट्या तळ्यावर तासाभरासाठी कॅनू भाड्याने घेऊन फिरवलं होतं. धक्क्यावर उभं राहून त्यांनी कॅनू दोन्ही बाजूंनी नीट बघितली, वाकून खालून पण बघितली, आणि म्हणाले, "ह्येका उलांडी खय आसा?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडच्या होडीला एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकूड बांधलेलं असतं ना, होडी कलंडू नये म्हणून, ती उलांडी. म्हटलं बाबा हिला नसते. बसले. दहा मिनिटांनी एक मासा उडाला आणि हे गृहस्थ सवयीने उठून उभे! मी मागे होतो, दोन्ही काठ धरून जवळजवळ आडवा झालो तेव्हा कॅनू थांबली, एका बाजूने पाणी आत आलंच. पाणी कोमट होतं, काठ वीस फुटांवर होता, हसून विसरलो. मेमध्ये हसता येणार नाही. लाइफ जॅकेट त्यांनी तेव्हा मांडीवर ठेवलं होतं, पोहता येतं म्हणून.

लायसन्सचा गोंधळ बहुतेक सुटलाय, तरी कुणीतरी खात्री करा. मला वाटत होतं ६५ च्या वरच्यांना लागत नाही, पण ती सवलत कॅनडात राहणाऱ्यांना. मदर्स डेच्या वीकेंडला ऑन्टॅरियोत लायसन्सशिवाय मासे धरता येतात ते पण तसंच. बाबा व्हिजिटर, म्हणजे त्यांचं परदेशी पाहुण्यांचं काढावं लागणार. एक दिवसाचं काढलं तर आउटडोअर्स कार्ड (मासेमारी-शिकारीचं ओळखपत्र) लागत नाही, आठ दिवसांच्याला लागतं. आमच्या तिघांची कार्डं आहेत.

रूटसाठी दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, कॅनू लेकवरून निघून २९५ मीटरचा एकच पोर्टेज (कॅनू आणि सामान उचलून जमिनीवरून नेणं) करून ‘जो’ नावाचा लेक आणि तिथून पुढे टॉम थॉमसन लेक. दुसरा, रॉक लेकवरून ३७५ मीटरचा पोर्टेज करून पेन लेक. मेव्हण्याला पहिला हवाय कारण तो चित्रकार टॉम थॉमसन १९१७ साली याच कॅनू लेकवर वारला, आधी उलटी झालेली कॅनू सापडली आणि आठ दिवसांनी तो. इतका अनुभवी माणूस, तोही जुलैत. हे बाबांसमोर बोलायचं नाही असं मेव्हण्याला बजावून ठेवलंय, आईसमोर तर नाहीच.

खाण्याचं पण सांगा. पत्र्याचे डबे, टिन, काचेच्या बाटल्या आत चालत नाहीत हे माहितीय, लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात नेऊ. आई मात्र सुकटीची चटणी बांधून देणार, नको म्हटलं तरी देणार. अस्वलांच्या जंगलात सुकट न्यावी का?

तर तारीख कुठली, लेक कुठला, आणि ६७ वर्षांच्या मालवणी माणसाला कॅनूत बसवून कसं ठेवायचं, कृपया सांगा.

प्रतिसाद

दरवर्षी मेमध्ये जातो, चौदा-पंधरा वर्षं झाली, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पहिला आठवडा विसरा. तुम्ही चौघंही त्या पाण्याला नवखे. थंड पाण्याचा हिशोब इथे १-१०-१ असा सांगतात : पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि साधारण तासाभरात शुद्ध जाते. पोहता येणं त्या पहिल्या मिनिटात उपयोगाचं नाही, धाप लागून पाणी आत जातं. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच पुढची दहा मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात काठ गाठायचा म्हणजे मुळात काठ जवळ पाहिजे.

मेचा दुसरा आठवडा घ्या, मंगळवार ते गुरुवार. व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड टाळा. माश्या सुरू होतील कदाचित, जाळीची टोपी न्या, पण बर्फाचा घोळ बहुतेक संपलेला असेल आणि ट्राउट अजून फार खाली गेलेले नसतील.

लेक माझ्या मते पेन. दोन्ही रात्री तिथेच तळ ठोका, रोज सामान हलवत बसू नका. रॉक लेक सकाळी लवकर पार करा, दुपारी वारा उठतो, आणि मधून नाही, काठाकाठाने. पोर्टेज ३७५ मीटरचा वाचून सोपा वाटतो, पण नवखे लोक सामान दोन फेऱ्यांत नेतात, म्हणजे मधली रिकामी परत धरून ११२५ मीटर चालणं, चिखलातून. कॅनू केव्हलारची (हलक्या, मजबूत धाग्याची) घ्या, वीसेक किलोची येते. वडिलांकडे फक्त रॉड आणि वल्ही द्या, त्यांचा मानही राहील.

कॅनूत गुडघे टेकून बसायचं, सामान मध्ये आणि खाली. शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि १५ मीटरचा तरंगता दोर नियमानेच लागतो. मासेमारीला चमचा (चमकणारं धातूचं आमिष) लावून कॅनूमागे सावकाश ओढत न्या, काठाला धरून, त्यात उभं राहायची गरजच पडत नाही. ब्रुक ट्राउट हवा असेल तर ओढे लेकला मिळतात तिथे गांडूळ लावून बघा. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून पार्कमध्ये बंद आहेत, हे वडिलांना आधीच सांगा. बास मासा लागला तर सोडून द्या, त्याचा सीझन जूनशिवाय उघडत नाही.

सुकट घरी खा. सगळं खाणं, टूथपेस्टसुद्धा, रात्री तंबूपासून लांब, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगायचं असतं. तुमच्या आईच्या चटणीला ती उंची पुरेल असं वाटत नाही.

आणि जाताना हायवे ६० वर हळू चालवा. मेमध्ये रस्त्याकडेच्या चरात मिठासाठी मूस (भलीमोठी हरणं) उतरतात. वडिलांना फुकट दर्शन.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. पेन लेक बुक केला, मेचा दुसरा आठवडा, मंगळवार-बुधवारच्या रात्री. सुकट कॅन्सल हे आईला मेव्हणा सांगणार आहे, मी नाही.

काल रात्री बाबांना फोन लावला. १-१०-१ समजावलं. बराच वेळ गप्प होते, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "बरा, जाकेट घालतंय. पण मागे मी बसतलंय."

आता मागे बसणाऱ्याच्या हातात दिशा असते हे त्यांना मीच सप्टेंबरात शिकवलं होतं. पुढे मी बसलो तर ते उभे राहिलेले मला दिसणार पण नाहीत. यावर काही उपाय आहे का?