जॉर्ज मेसन समजून घ्यायचाय: काय वाचू, काय बघू?

सांगलीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. सध्या तीन आठवडे मुलाकडे फेअरफॅक्सला, व्हर्जिनियात आलोय. सकाळी फिरायला विद्यापीठाच्या आवारात जातो, तिथे जॉर्ज मेसनचा पुतळा आहे. वॉशिंग्टन, जेफरसन शिकवले, पण हा गृहस्थ आमच्या पुस्तकात कधी आला नाही. नातू म्हणतो, "आबा, यांनी राज्यघटनेवर सही केली नाही, म्हणून ते मोठे." सही न करून मोठेपण कसं मिळालं, ते कळून घ्यायचंय. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. जाडजूड चरित्र झेपणार नाही.

पोटोमॅककाठची
काका, चरित्र राहू द्या. दोन छोटे कागद वाचा, एका दुपारचं काम आहे.

पहिला म्हणजे व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा, १२ जून १७७६. फक्त सोळा कलमं. मूळ मसुदा मेसनचा, आणि जेफरसनच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या तीन आठवडे आधीचा. पहिल्या कलमावर थांबा. सगळी माणसं सारखीच स्वतंत्र आहेत, असं मेसनने लिहिलं होतं. सभेतले काही मळेवाले बिथरले, हे गुलामांनाही लागू झालं तर? म्हणून 'समाजात प्रवेश करतात तेव्हा' अशा अर्थाचे शब्द मध्ये घातले गेले. गुलाम समाजात मोडतच नाहीत, असं म्हणायची सोय झाली. एका वाक्यात सगळं व्हर्जिनिया दिसतं.

दुसरा कागद १७८७ चा. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत मेसन उन्हाळाभर बसला, तावातावाने बोलला. १२ सप्टेंबरला म्हणाला, हक्कांची सनद जोडा, काही तासांत तयार होईल. त्या बाजूने एकाही राज्याचं मत पडलं नाही. तेव्हा घटनेच्या छापील मसुद्याच्याच कोऱ्या पाठीवर त्याने हाताने आपले आक्षेप लिहून काढले. सुरुवातच अशी की यात हक्कांचा जाहीरनामा नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असून न करणारे तिघेच: मेसन, रँडॉल्फ आणि गेरी. शेजारी वॉशिंग्टनशी असलेला जुना स्नेह यातच तुटला. पुढे एका पत्रात वॉशिंग्टनने त्याला 'एकेकाळचा मित्र' म्हटलंय. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

नंतर गन्स्टन हॉलला जा. त्याचा वाडा, गाडीने पाऊण तासाच्या आत. तंबाखूचा मळा होता तिथे.

नदीपल्याड
ताईंचा सल्ला उत्तम, पण एक कागद राहिला आणि तो सोडू नका. परिषदेतला व्हर्जिनियाचाच प्रतिनिधी मॅडिसन, त्याने चर्चेची टिपणं ठेवली होती, त्यातलं २२ ऑगस्ट १७८७ चं पान. गुलामांचा मालक जन्मतःच छोटा जुलमी असतो, हे मेसनचं बोलणं त्यात आहे. बोलणारा स्वतः फेअरफॅक्समधल्या मोठ्या गुलाममालकांपैकी. गुलामांची आयात थांबवा म्हणाला, आपल्या मळ्यावरच्या माणसांना मात्र त्याने मुक्त केलं नाही. १७८८ साली घटनेला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या सभेत तर आहे त्या गुलामांवरच्या मालकीला घटनेत संरक्षण नाही, अशी तक्रारही केली. तिथे तो हरला, घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी मंजूर झाली.

मास्तर, पुतळ्याभोवती २०२२ मध्ये त्या गुलामांचं स्मारक झालंय. त्यात पेनी नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची आठवण आहे. मेसनने ती आपल्या मुलीला देऊन टाकली होती. उद्या फिरायला जाल तेव्हा आधी तिथे थांबा.

सांगलीचा_मास्तर
दोघांचे मनापासून आभार. पेनीचं वाचून गप्पच झालो. वर्गात मी नेहमी सांगायचो, आपल्या घटनेत मूलभूत हक्क पहिल्या दिवसापासून आहेत, तिसऱ्या भागात. अमेरिकेत ते मागून जोडले गेले, १५ डिसेंबर १७९१ ला, हेही सांगायचो. पण त्यासाठी कोण अडून बसला होता, ते माहीत नव्हतं. बाकीचे आक्षेप कसले होते?

पोटोमॅककाठची
सिनेटच्या हाती फार सत्ता, राष्ट्राध्यक्षाला सल्लागार मंडळ नाही, असे बरेच. एक नीट बघा: व्यापाराचे कायदे साध्या बहुमताने होऊ नयेत. उत्तरेची जहाजवाली राज्यं भाडं वाढवून दक्षिणेचा माल पिळतील ही धास्ती. तिथे तंबाखूवाला मेसन बोलतोय. १७९० मध्ये सिनेटची जागा चालून आली तीही त्याने नाकारली, १७९२ च्या ऑक्टोबरात गन्स्टन हॉललाच वारला. कबर तिथेच आहे, वाड्यापासून चालत जाता येतं. नातवाला बरोबर न्या.