भिंत कोरून उजेड 'चोरणे' की 'वळवणे'?

चिनी भाषेत 'झाओ बी थोउ ग्वांग' असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. झाओ म्हणजे कोरणे, बी म्हणजे भिंत, थोउ म्हणजे चोरणे, ग्वांग म्हणजे उजेड. हलाखीतही शिकण्याची जिद्द न सोडणाऱ्याबद्दल तो कौतुकाने वापरतात. पण मराठीत 'उजेड चोरला' म्हटलं की कौतुक कुठल्या कुठे जातं. मग काय म्हणावं?

प्रतिसाद १
गोष्ट चीनमधल्या पश्चिम हान राजवटीच्या काळातल्या ख्वांग हंगची. घरात दिवा नाही. शेजाऱ्याकडे आहे, पण त्याचा उजेड इकडे पोचत नाही. 'शीचिंग झाजी' या जुन्या संग्रहात ती आली आहे आणि गंमत म्हणजे तिथे 'चोरणे' हा शब्दच नाही! तिथलं क्रियापद आहे 'यिन', म्हणजे ओढून आणणे, वळवणे. पाणी वळवून आणतात त्यालाही चिनीत 'यिन'च म्हणतात. भिंतीला भोक पाडून त्याने उजेड आपल्याकडे वळवला आणि त्यात पुस्तक धरून वाचलं, एवढंच तिथे आहे. पाटाचं पाणी वाफ्यात घ्यावं तसा उजेड घेतला! 'थोउ' मागाहून चिकटला.

पुढचा भाग वाक्प्रचारात आला नाही, मला मात्र तोच जास्त भिडतो. गावातल्या एका श्रीमंत घरात पुस्तकं भरपूर होती. हा तिथे कामाला राहिला आणि मजुरी नको म्हणाला. पुस्तकं तेवढी वाचायला द्या. इ.स.पू. ३६ मध्ये तो प्रधानमंत्री झाला. नंतर आपल्या जहागिरीच्या हद्दीबाहेरची जमीन घेतल्यावरून पद गेलं, हेही खरं.

आपल्याकडे 'वार लावून शिकला' हे जवळचं वाटतं.

प्रतिसाद २
वार लावण्यात प्रश्न जेवणाचा, आणि दार उघडं असतं. इथे मधे भिंत आहे. 'रात्रीचा दिवस केला' म्हणावं तर कष्ट येतात, गरिबी येत नाही. 'म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली शिकला' यात दोन्ही आहे, पण तो दिवा सगळ्यांचा. शेजारी कुठेच नाही. अनुवादात मी 'शेजारच्या उजेडावर शिकला' असं लिहीन. 'आजीच्या जिवावर वाढला' म्हणतो, तसाच हा '-वर'. त्यात आधारही येतो आणि चोरीचा डागही लागत नाही.