‘कोर्ट’मधील घरचे प्रसंग पाल्हाळ आहेत का?

कृष्णाकाठ (सांगली): चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’ हा चित्रपट आम्ही आठ-दहा जणांनी गेल्या आठवड्यात विश्रामबागेत मित्राच्या घरी पुन्हा पाहिला. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे यांना अटक होते आणि त्या खटल्यापायी दोन वकील, न्यायाधीश व मृताची पत्नी एका दालनात येतात. कामकाज संपले की बचावाचे वकील व्होरा चीज आणि वाइन घ्यायला जातात, सरकारी वकील नूतन लोकलने घर गाठून स्वयंपाकाला लागतात. आमच्यापैकी काहींना हा भाग पाल्हाळ वाटला. मला तो चित्रपटाचा गाभा वाटतो, पण का, ते नेमके मांडता येत नाही.

माहुलीकर (सातारा): मी फौजदारी वकिली करतो, म्हणून सुरुवात साक्षीपासून करतो. नवरा मॅनहोलमध्ये आधी खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा, दुर्गंधी सोसावी म्हणून दारू पिऊन उतरायचा, आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता, हे ती बाई सरळ आवाजात सांगते आणि न्यायाधीश त्याची इंग्रजी वाक्ये करून टंकलेखकाला सांगतात. आमच्याकडे साक्षीची नोंद बहुधा मराठीत होते, तरीही बोललेले आणि टंकलेले यांत अंतर राहतेच. ते का राहते, याचे उत्तर मला त्या घरच्या प्रसंगांत मिळाले, कारण ज्यांच्या हातात तिचे शब्द जातात त्यांची संध्याकाळ कशी जाते, हे तिथेच दिसते.

हळदपेठ (सांगली): माहुलीकरांशी सहमत आहे, पण व्होरा मृताच्या पत्नीला आपल्या गाडीतून सोडतात, तो प्रसंग मी त्याहून मोलाचा मानतो. दोन वर्ग शेजारी-शेजारी बसलेले तिथेच दिसतात आणि तो सज्जन माणूस मदत देऊ करतो तेव्हा ती पैसे नको, काही काम असेल तर सांगा, असे म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आलेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी २०१४ मध्ये १० लाखांची आणि २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवली, ते आवश्यकच होते. पण तिचे मागणे त्या रकमेत मावत नाही.

आणखी एक. नूतन सहकुटुंब परप्रांतीयांविरुद्धचे नाटक पाहतात, तेव्हा सभागृह टाळ्या वाजवते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले त्या आपल्या गावात नाटकावर जीव टाकणारे आपण, त्या टाळ्या ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण तशा टाळ्या मीही दिल्या आहेत. नूतन वाईट बाई नाहीत. घर, मूल, प्रवास सांभाळून त्या दमतात आणि दुसऱ्या दिवशी आरोपीला कोठडीत ठेवावे म्हणून त्याच नेटाने युक्तिवाद करतात.

कृष्णाकाठ: दोघांचेही मनापासून आभार. रविवारी आम्ही साक्षीचा प्रसंग थांबवत थांबवत पुन्हा पाहणार आहोत. ती बोलते ती वाक्ये आणि टंकलेखकाला सांगितलेली वाक्ये शेजारी-शेजारी उतरवून मी इथे देईन.