जुन्या गाडीची दुखणी: पार्ट बदलण्याआधी तुम्ही काय तपासता? (अनुभव धागा)

डिपस्टिक

परवा खंबाटकीच्या चढाला कडेला एक मारुती ८०० बॉनेट उघडून उभी दिसली आणि कार्ब्युरेटरचा जमाना आठवला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि अजून घाट चढायची हौस. अशा लाख-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाड्या ज्यांच्या हाताखालून जातात त्यांनी इथे लिहा. अट एकच. "मिस्त्रीने अमुक बदललं नि बरं झालं" एवढ्यावर भागवू नका. लक्षण काय, आधी काय तपासायचं, का, आणि मग काय बदलायचं. अंदाजाने पार्ट बदलत गेलं की गाडीच्या किमतीएवढं बिल सहज होतं.

गरम होण्यापासून सुरुवात करतो. पहिला प्रश्न: कधी गरम होते? सिग्नलला काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर फॅन बघा. हायवेला किंवा चढालाच चढत असेल तर रेडिएटर चोक, नाहीतर वॉटर पंप. पाण्याची लेव्हल दोन्हीकडे आधी बघायची, तीही इंजिन पूर्ण गार असताना. फॅनसाठी मीटर लागत नाही. इंजिन चालू करून एसी लावा, फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले तोच असतो, अदलाबदल करून बघा), मग फॅनच्या कपलरला बॅटरीतून सरळ करंट. तरी गप्प असेल तर मोटर गेली.

रेडिएटरचं झाकण कोणी बघत नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. उलट गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखा कडक झाला तर हेड पॅकिंगमधून (इंजिन ब्लॉक नि हेड यांच्या मधलं) गॅस पाण्यात जातोय. तिथे झाकण बदलून काही होणार नाही.

गोटीपाना

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) राहिला की काका. "काढून टाका, आपल्याकडे गरज नाही" हा सल्ला अजून सर्रास मिळतो. काढला की इंजिन तापमानाला येत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन गार समजून जास्त पेट्रोल सोडतं, ऑईल घाण होतं. ओबीडी (गाडीचे दोष कोडमध्ये सांगणारी यंत्रणा) असेल तर पी०१२८ कोड, म्हणजे इंजिन तापमानाला येत नाही. तपासायचा तर पातेल्यात पाणी, दोऱ्याला थर्मोस्टॅट, सोबत थर्मामीटर. त्यावर ८२ किंवा ८८ छापलेलं असतं, त्या आसपास उघडायला लागला पाहिजे. पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, घरात शांतता राहील.

स्टेपनीताई

पातेलं 😂 आमच्याकडे त्याच पातेल्याचं नाव आता गॅरेजचं पातेलं आहे.

कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धंअर्धं. बोअरचं पाणी घातलं की क्षार बसून रेडिएटर आतून चोक. भरताना हिटर फुल गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलला, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू. मधे हवा अडकली तर नवा पंप, नवा रेडिएटर सगळं घालूनही काटा चढतोच. घाटात काटा चढला तर एसी बंद, हिटर फुल, ब्लोअर फुल. उकडतं भयंकर, पण हिटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तरी उतरला नाही तर गाडी बाजूला घ्या आणि झाकणाला हात लावू नका.

मल्टीमीटरवाला

घाईत लिहितोय. बॅटरीवाला "बॅटरी गेली" म्हणणारच, तो बॅटरी विकतो. आधी हे आकडे घ्या.

रात्रभर उभी गाडी: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.
सेल्फ मारताना: १० च्या खाली गेली तर संशय घ्या.
इंजिन चालू, लाइट नि एसी लावून: १३.८ ते १४.५. तेरापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश, पट्टा, नाहीतर जोडणी. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर, आणि तो नवीन बॅटरीही उकळून मारेल.

आता महत्त्वाचं. जुन्या गाडीत अर्थिंग. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिन ब्लॉकला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की अर्थची पट्टी आतून गंजलीय. वरून चकचकीत दिसते. सेल्फ "टक" करून गप्प बसतो त्यात ही पट्टी नेहमीची गुन्हेगार. खोलायची, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासायच्या, व्हॅसलिन लावून घट्ट करायची. एवढ्यावर आकडा उतरला नाही तर नवीन पट्टी.

रात्रीत बॅटरी उतरते? निगेटिव्ह काढून मधे अँपिअर मीटर. दारं बंद, वीस-तीस मिनिटं थांबा, कंट्रोल युनिट झोपू देत. ५० मिलिअँपच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडेल त्या सर्किटला चोर. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम नाहीतर सेंट्रल लॉक.

कोकणी_टायर

@मल्टीमीटरवाला हे काम चालू असताना चुकूनही सेल्फ मारू नका हे पण लिहा. मीटरचा १० अँपचा फ्यूज जातो.

मल्टीमीटरवाला

हो हो. राहिलं.

तीन_सिलिंडर

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. इंजिन थरथरतंय, चढाला पिकअप नाही.

एकेका सिलिंडरचा इंजेक्टर कपलर काढून बघा (जुन्या कार्ब्युरेटरवाल्याला प्लगची वायर, इन्सुलेटेड पकडीने, नाहीतर बसेल झटका). ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर झोपलाय. ओबीडीला पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ दुसरा. पहिल्याचा कॉइल दुसऱ्यावर टाका. कोड पण दुसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर प्लग बदलून तीच अदलाबदल. मग इंजेक्टर. फुकटात निदान.

प्लगच्या खड्ड्यात ऑईल दिसलं तर नवीन प्लग घालून उपयोग नाही, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लग ट्यूबचे सील आधी. प्लग गार इंजिनमध्ये हातानेच फिरवत आत न्यायचा, पाना शेवटी. अॅल्युमिनियम हेडचे आटे गेले की लेथवाल्याकडे चक्कर.

कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही ठीक तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत घ्या. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा. तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कमी असेल तर दोघांच्या मधलं पॅकिंग उडालंय. हे केल्याशिवाय कोणाला "इंजिनचं काम काढा" म्हणू देऊ नका.

चहा_नि_चेसिस

वाचनखूण साठवली. बाकी माझी गाडी दोन वर्षांची आहे, मला फक्त धूर बघायला आवडतो 🍿

गोटीपाना

मग धूरच सांगतो. निळा धूर सकाळी सुरू करताना भसकन येतो आणि थांबतो: व्हॉल्व्ह स्टेम सील. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दिल्यावर निळा, तेव्हाही तेच. चढाला दाबल्यावर सतत निळा: रिंगा. काळा: पेट्रोल जास्त, एअर फिल्टर बघा. पांढरा, गोडसर वास, पाणी कमी होतंय: हेड पॅकिंग. गार सकाळी थोडी पांढरी वाफ सगळ्यांचीच येते, घाबरू नका.

पण निळा दिसला की आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेस, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातला गॅस इनटेकमध्ये सोडणारा) काढून हलवा. खुळखुळला पाहिजे. जाम झाला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, जुनी सीलं गळायला लागतात, ऑईल इनटेकमध्ये जातं आणि माणूस इंजिन खोलतो. स्वस्तातला व्हॉल्व्ह आहे तो.

आरटीओ_ग्रस्त

धूर निघालाच आहे तर पीयूसी. बीएस ४ (भारत स्टेज, प्रदूषणाचं मानक) पेट्रोलला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम. बीएस २-३ ला ०.५ आणि ७५०. गाडी गरम करून न्या, गार इंजिनवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही. पी०४२० (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही हा कोड) आला म्हणून लगेच कॅट बदलायचा नाही. आधी मिसिंग नि सायलेन्सरची गळती बंद करा.

आणि १५ वर्षं होत आली असतील तर आरसी संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरता येतो, नूतनीकरण पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ पासून कारची फी ५००० आहे. ग्रीन टॅक्स वेगळा.

स्टेपनीताई

५००० मध्ये चारही लिंक रॉड, दोन्ही लोअर आर्म बुश आणि वर मिसळ झाली असती.

डिझेलदादा

पेट्रोलवालेच बोलतायत सगळे. देशभर टॅक्सीत पळालेलं ते १२४८ सीसी कॉमन रेल डिझेल इंजिन (फियाटचं १.३ मल्टिजेट), त्याच्याबद्दल.

१) गार स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ: टायमिंग चेन ढिली किंवा टेन्शनर. चेनला बदलायची मुदत नसते म्हणून लोक विसरतात. टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो, ऑईल उशिरा बदललं की चेन लवकर जाते.
२) पिकअप गेला, काळा धूर, शीळ घातल्यासारखा आवाज: टर्बो गेला असं सांगतील. आधी इंटरकूलरचे होज हाताने दाबून बघा. खालच्या बाजूला चीर असते, वरून दिसत नाही. तेलाचा ओला डाग हीच खूण.
३) इंजेक्टरपाशी डांबरासारखा काळा थर आणि चफ-चफ आवाज: इंजेक्टरखालचं तांब्याचं वायसर. नवीन टाकताना बैठक साफ करा, जुनं वायसर परत वापरू नका.
४) सकाळी खूप सेल्फ खाते: रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) चार सारख्या बाटल्या, काही मिनिटं आयडल. ज्याची बाटली इतरांपेक्षा भराभर भरते तो इंजेक्टर गळतोय. चार बदलायची गरज नाही.
५) ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने अडकतो. काढून कार्ब क्लीनरने धुवा. मोटरच्या बाजूला स्प्रे जाऊ देऊ नका.

डिझेल फिल्टरचं पाणी पावसाळ्याआधी सोडा.

खंबाटकी_खड्डे

खडखड कुठून येते ते कळत नाही भाऊ. पुढून, डावीकडून.

गोटीपाना

छोट्या खड्ड्यांवर कटकट असेल तर लिंक रॉड. ब्रेक मारताना नि सोडताना एकच "ठक" असेल तर लोअर आर्म बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगचा "टँग" असेल तर स्ट्रट माउंटिंगची बेअरिंग. पूर्ण वळवून चालवताना टकटकटक असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, बूट फाटलेला सापडेलच.

चाक जॅकवर (स्टँड लावून!) डावी-उजवीकडे हलवा, खेळ असेल तर टाय रॉड एंड. वर-खाली हलवा, खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बेअरिंगची घरघर उजव्या वळणावर वाढली तर डावी बेअरिंग, कारण भार डावीकडे जातो.

बुश बदललंत तर मधला बोल्ट गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर आल्यावरच घट्ट करायला सांगा. हवेत लटकलेल्या गाडीत आवळलं की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग सगळे पार्टला शिव्या घालतात.

खंबाटकी_खड्डे

ठक आहे. म्हणजे बुश. धन्यवाद भाऊ, आजच बघतो.

न्यूजर्सीकर

इकडे वेगळंच. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इंजिन ठणठणीत आणि ब्रेक लाइन गंजलेली. पेडल मऊ झालं की मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लाइन टॉर्चने बघा, क्लिपपाशी आधी सडतात. स्टील परत न घालता निकेल-कॉपर लाइन, ३/१६ इंच, डबल फ्लेअर. मधे काँप्रेशन फिटिंग लावून जोड देऊ नका, ब्रेकच्या दाबाला ते चालत नाही.

आणि २००७ ते २००९ च्या २.४ लिटर कॅमरीत ऑईल पिण्याची खोड माहीत असलेली आहे, पिस्टनच्या ऑईल रिंगमुळे. दर हजार मैलांना डिपस्टिक बघा. (धागाकर्ता नव्हे 😄)

कोकणी_टायर

मिठाचं आमच्याकडे फुकट, समुद्रातून. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि दार आतून कुजतं. पावसाळ्याआधी वायरने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीतली पानं पण काढा, नाहीतर पाणी पायाशी येतं आणि लोक काचेच्या रबराला दोष देतात.

तीन_सिलिंडर

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल कोणीच बोललं नाही? जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इंधनाचे रबरी होज बोटाने दाबून बघा. चिकट किंवा भेगाळलेले असतील तर इथेनॉल चालणारे घ्या. महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल जुनं होऊ देऊ नका, इथेनॉल पाणी ओढतं.

आरटीओ_ग्रस्त

आला विषय 😀 यावर वेगळा धागा काढा, इथे पानिपत होईल.

स्टेपनीताई

त्यापेक्षा उंदरांवर बोला. सोसायटीत उभ्या गाडीच्या वायरी कुरतडल्यात, चेक इंजिन लागला.

मल्टीमीटरवाला

ताई, कुरतडलेली वायर पिळून टेप गुंडाळायची नाही. दोन्ही टोकं सोलून सोल्डर, वर हीट श्रिंक, मग हार्नेस टेप. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला मात्र सोल्डर नको, क्रिंप (दाबून बसवायचा) जोड. बऱ्याच सेन्सरना वायरीच्या आतूनच बाहेरची हवा लागते.

चहा_नि_चेसिस

आमच्या इथे बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. उंदीर येतात, मळतात आणि जातात.

कोकणी_टायर

😂😂 एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावा ताई. प्लास्टिकची नको, ती पण खातात. केबिन फिल्टर काढून बघा, त्यात घरटं असेल तर एसीचा वास पण तिथलाच.

स्टेपनीताई

फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागेच ना?

कोकणी_टायर

बहुतेक गाड्यांत हो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबा, खाली येतो. हातमोजे घाला.