क्षयाच्या ओपीडीत आधी एन९५ की आधी खिडकी?

मोकळी_हवा: छातीच्या ओपीडीत एन९५ची खोकी आली की कर्मचाऱ्यांची काळजी मिटली, असं धरून चालतात. मी म्हणतो, पहिला पैसा हवेवर घाला. क्षयरोगी खोकल्यावर उडणारे १ ते ५ मायक्रॉनचे कण तासन्‌तास तरंगतात. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलली तर ९९ टक्के कण २३ मिनिटांत निघून जातात. दोनदाच बदलली तर सव्वादोन तासांवर लागतात. हिशोब सोपा आहे. ३ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर, म्हणून तासाला ४३२ घनमीटर हवा हवी. एक्झॉस्ट पंख्याच्या लेबलवरचा आकडा कमीच धरा, जाळीवर धूळ बसते. आणि स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत तोंडावर मारतो.

गाळणी: साफ असहमत. हे आकडे खिडकी उघडी आणि वारा वाहता असतानाचे. जुलैत कोकणात झड आत येते, खिडक्या लावून घ्याव्याच लागतात. वारा पडला तर उघड्या खिडकीचाही उपयोग नाही. शिवाय बेडक्याचा नमुना घेताना रुग्ण हातभर अंतरावर असतो. तो समोर खोकला, तर २३ मिनिटं थांबायचं का?

मोकळी_हवा: नमुना खोलीत घ्यायचाच कशाला? बाहेर, उघड्यावर, आडोसा करून घ्या, आणि कर्मचाऱ्याने लांब उभं राहावं. रांगेतल्या खोकणाऱ्याला साधा सर्जिकल मास्क द्या. कण उगमाशीच अडतात. तुमच्या एन९५ची फिट टेस्ट, म्हणजे तो चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी, किती ठिकाणी होते? आधी मास्कशिवाय सॅकरिनची गोड चव कळते का बघायचं, मग मास्क घालून डोक्यावरच्या हुडमध्ये ते फवारायचं, मान हलवायला आणि बोलायला लावायचं. गोड लागलं तर मास्क गळतोय. दाढी असेल तर कडा बसतच नाही.

तिसरी_पाळी: तुम्ही दोघंही डॉक्टर-नर्सपुरतंच बोलताय. केर काढणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉय कंत्राटी असतात. खोक्यातला मास्क त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पोचलाच तर धुऊन किंवा सॅनिटायझर मारून वापरतात. त्याने त्यातला कण धरून ठेवणारा विद्युतभार जातो, गाळणी निकामी होते. (वापरलेला मास्क कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये तो ओलाच राहतो.) म्हणून मी हवेच्या बाजूने. पण कामावर घेतानाची आरोग्य तपासणीही कागदावर हवी. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या (पूर्वीचा कर्मचारी भरपाई कायदा, १९२३) तिसऱ्या अनुसूचीच्या भाग ‘अ’मध्ये संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडलेले संसर्गजन्य रोग आहेत. नोंद नसेल तर ‘आजार आधीचाच’ म्हणून मालक भरपाईतून हात झटकायला मोकळे.

गाळणी: कंत्राटी कामगारांचं पटलं. त्यांनाही मास्क द्या, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

मोकळी_हवा: द्याच. पण आज एक उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. बऱ्याच ठिकाणी तो रुग्णाकडून थेट टेबलाकडे येतो. डॉक्टरांची खुर्ची हवा आत येते त्या बाजूला, रुग्ण एक्झॉस्टच्या बाजूला. पावसाळ्यातही एक्झॉस्ट पंखा चालतोच ना?

गाळणी: चालतो, वीज असेपर्यंत. आणि ‘आवाज फार होतो’ म्हणून तो बंद करणारा बहुधा डॉक्टरच असतो, त्याचं काय?